थायरॉइड कॅन्सर परत आलाय, गाठ छोटी आणि जुन्या व्रणात: गॅमा प्रोब, सोनो की कोळसा?

मानेचा_सर्जन (प्रश्न)

केस थोडक्यात मांडतो. पॅपिलरी थायरॉइड कार्सिनोमा. टोटल थायरॉइडेक्टॉमी आणि सेंट्रल नेक डिसेक्शन ४ वर्षांपूर्वी झालंय, त्यानंतर आय-१३१ चे (किरणोत्सर्गी आयोडिन) १०० मिलिक्युरी दिलेत. टीएसएच (थायरॉइडच्या पेशींना चालना देणारं हार्मोन) दाबून ठेवलेला असतानाही टीजी (थायरोग्लोब्युलिन, थायरॉइडच्या पेशींचं रक्तात येणारं प्रथिन) वर्षभरात ०.८ वरून ३.९ नॅनोग्रॅमवर गेलाय. अँटी-टीजी निगेटिव्ह, लॅब तीच. सोनोमध्ये डावीकडे श्वासनलिका आणि कॅरोटिडच्या मध्ये, क्लॅव्हिकलच्या जरा वर ११ × ९ मिमीची गाठ, आत बारीक कॅल्सिफिकेशन. एफएनएसी (सुईने घेतलेल्या पेशींची तपासणी) पॉझिटिव्ह, सुई धुतलेल्या सलाइनमधला टीजी ४०० च्या वर. उजवीकडे पॅराट्रॅकिअल भागात ५ मिमीची आणखी एक संशयास्पद गाठ आहे, तिची सुई घेतलेली नाही.

डायग्नोस्टिक आयोडिन स्कॅनमध्ये मानेत काहीच उचललेलं नाही. पेट-सीटीत डाव्या गाठीत एफडीजी (किरणोत्सर्गी साखर) आहे पण फार नाही. लॅरिंगोस्कोपीत डावी व्होकल कॉर्ड हलत नाही, उजवी व्यवस्थित. कॅल्शियम गोळ्यांशिवाय नॉर्मल राहतं.

आमच्याकडे स्तनाच्या सेंटिनल नोडसाठी (कॅन्सर आधी पोचतो ती लसिकागाठ) घेतलेला गॅमा प्रोब (किरणोत्सर्ग मोजणारी हातातली कांडी) आहे. गॅमा कॅमेरा मात्र दोन तासांवरच्या शहरात. व्रणात ९ मिमीची गाठ बोटाला लागणार नाही हे नक्की. प्रोब वापरायचा तर आयोडिन देऊन की गाठीत टेक्नेशियम टोचून? कोळशाने गोंदवून भागेल का? आणि त्याच वेळी उजवीकडचीही काढावी का? घरच्यांना ‘एकदाच काय ते सगळं साफ करा’ असं वाटतंय.

आयसोटोप_मॅडम

आयोडिन देऊन प्रोब वापरायचा विचार इथे सोडून द्या. ती पद्धत चांगली आहे, पण गाठ आयोडिन उचलत असेल तरच. फ्रान्समध्ये व्हिलज्विफच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेने १९९८ मध्ये ती प्रसिद्ध केली: आधी १०० मिलिक्युरी आय-१३१, चौथ्या दिवशी स्कॅन, पाचव्या दिवशी प्रोब लावून ऑपरेशन, सातव्या दिवशी पुन्हा स्कॅन करून काही उरलंय का ते बघायचं. त्यात प्रोबला खुद्द कॅन्सरच्या पेशींनी धरलेलं आयोडिन दिसतं, म्हणून सोनोमध्ये न दिसलेली गाठही हाती लागू शकते. तुमच्या रुग्णाचा स्कॅन कोरा आहे आणि गाठ एफडीजी घेते आहे. अशी गाठ आयोडिन घेण्याची क्षमता बरीचशी गमावलेली असते. शिवाय आय-१३१ चे फोटॉन ३६४ केईव्हीचे (केईव्ही हे ऊर्जेचं माप). स्तनाच्या प्रोबचं पातळ कॉलिमेटर (बाजूचे किरण अडवणारं आवरण) ते अडवू शकत नाही, मग लाळग्रंथी आणि गिळलेली लाळ बाजूने आत शिरून प्रोब सगळीकडेच ओरडतो.

तुम्हाला हवं आहे ते ‘रोल’ (रेडिओगायडेड ऑकल्ट लीजन लोकलायझेशन): सोनोखाली गाठीतच टेक्नेशियम-९९एम लावलेलं एमएए (अल्ब्युमिनच्या गुठळ्यांचे कण) टोचायचं आणि त्या ठिकाणाचा प्रोबने माग काढायचा. ही पद्धत १९९६ मध्ये मिलानच्या युरोपियन इन्स्टिट्यूट ऑफ ऑन्कॉलॉजीत स्तनातल्या, हाताला न लागणाऱ्या गाठींसाठी निघाली. मानेत तिचं काम त्याच तत्त्वावर चालतं.

इथे एक गोष्ट मनात पक्की धरा. रोलमध्ये प्रोबला कॅन्सर दिसत नाही, सुईचं टोक जिथे होतं ती जागा दिसते. सुई २ मिमी बाजूला, व्रणात गेली तर ऑपरेशनमध्ये व्रणाचा तुकडा ‘गरम’ निघेल आणि सगळे खूश होतील. गाठ मात्र आतच.

आता प्रत्यक्ष. एमएए हेच हवं, नॅनोकोलॉइड नको. सेंटिनलसाठी फ्रिजमध्ये नॅनोकोलॉइड पडलेलं असतं म्हणून तेच वापरलं जातं, आणि इथेच घोळ होतो. नॅनोकोलॉइडचे कण १०० नॅनोमीटरच्याही आतले, ते लसिकेतून पुढच्या नोडमध्ये सरकण्यासाठीच बनवलेले आहेत. एमएएचे कण साधारण १० ते ९० मायक्रॉनचे, टोचले तिथेच अडकून बसतात.

११ × ९ × ९ मिमीच्या गाठीचं आकारमान जेमतेम ०.४७ मिली भरतं. तिच्यात ०.५ मिली ढकललं तर ते बाहेर सांडणारच. ०.१ मिली पुरे, फार तर ०.१५. तेवढ्यात ०.४ मिलिक्युरी बसवायचे तर किट मिलीमागे ४ मिलिक्युरीच्या हिशेबाने, म्हणजे २० मिलिक्युरी ५ मिलीत, बनवून घ्या. नेहमीसारखं पातळ केलेलं चालणार नाही. कण तळाशी बसतात, म्हणून सिरिंजमध्ये ओढण्याआधी व्हायल उलटसुलट करा आणि टोचण्याआधी सिरिंजही. सुईच्या हबमध्ये थोडा द्रव अडकतो आणि कण प्लॅस्टिकला चिकटतात, त्यामुळे सिरिंज टोचण्याआधी आणि टोचल्यावर डोस कॅलिब्रेटरमध्ये मोजा. दिलेला डोस म्हणजे या दोन आकड्यांमधला फरक.

दोन तासांचं अंतर ही अडचण नाही. टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तास. सकाळी ८ ला ०.५ मिलिक्युरी टोचले तर दुपारी १२ ला साधारण ०.३ उरतात, प्रोबला भरपूर झाले. बोन स्कॅनला आपण २० मिलिक्युरी देऊन लोकांना घरी पाठवतो, त्यापुढे हे काहीच नाही. आदल्या संध्याकाळी टोचायचे झाले तर १ मिलिक्युरी द्या (किट त्या मानाने आणखी दाट बनवून), १४ तासांनी ०.२ राहतात. मला सकाळचंच आवडतं, कारण वेळ जितका जास्त तितकी मान हलवणं, गिळणं, खोकणं जास्त.

टोचल्यावर रुग्णाला तसंच गाडीत बसवू नका. अर्ध्या तासात कॅमेऱ्याखाली समोरून आणि डाव्या बाजूने एकेक चित्र घ्या, स्पेक्ट-सीटी (त्रिमितीय चित्र) असेल तर उत्तमच. एकच नीट ठिपका दिसायला हवा. ठिपक्याला शेपटी असेल तर सुईच्या वाटेवर गळलंय. फुप्फुसं दिसत असतील तर काही भाग शिरेत गेलाय. त्याने अपाय होत नाही, फुप्फुसाच्या पर्फ्युजन स्कॅनला हेच औषध आपण शिरेतून देतो, पण गाठीत किती उरलं याची शंका धरायची. हे चित्र छापून सर्जनच्या हातात द्या. रेडिएशनपेक्षा त्यांना त्याचाच जास्त उपयोग होतो.

सोनोवाली

टोचण्याच्या बाजूने सांगते, सगळं यश तिथे ठरतं.

रुग्णाला ऑपरेशनच्या स्थितीतच झोपवा: खांद्याखाली उशी, मान मागे, डोकं मध्यावर. मान मागे नेली की श्वासनलिका आणि तिच्या कडेच्या गाठी छातीतून वर सरकतात. सरळ मानेत क्लॅव्हिकलच्या आड गेलेली गाठ अशाने दिसायला लागते आणि टेबलावर ती कुठे असेल तेही कळतं. सरळ मानेत त्वचेवर केलेली खूण टेबलावर एक-दीड सेंटिमीटर चुकलेली असते आणि तीच धरून छेद घेतला की सुरुवातच चुकते. मानेत वायर ठेवायला मी तयार होत नाही ती याच कारणाने. स्तनात ठीक आहे, इथे मान वळली की वायर सरकते आणि शेजारी कॅरोटिड आहे.

सुई २५ गेजची, दीड इंची. १२ ते १५ मेगाहर्ट्झचा छोटा प्रोब, हॉकी-स्टिक मिळाला तर त्याहून चांगला. कॅरोटिडच्या आतल्या कडेने, बाहेरून आत अशी तिरकी वाट धरा, म्हणजे सुई पूर्ण लांबीत दिसते. टोक गाठीच्या मधोमध आलं की एक क्षण थांबा, दुसऱ्या प्रतलात प्रोब फिरवून टोक खरंच आत आहे ना ते बघा आणि मगच ढकला. ढकलताना गाठीत पांढुरकी चमक येते. चमक गाठीच्या बाहेर, कडेला दिसली तर लगेच थांबा. सुई काढण्याआधी ८-१० सेकंद तशीच धरा आणि काढताना पिस्टन अजिबात दाबू नका. एक थेंब त्वचेवर आला तरी प्रोबला तो गाठीपेक्षा मोठा वाटेल. गॉज बदलत पुसून घ्या आणि तो गॉज मान-छातीपासून लांब, वेगळ्या पिशवीत टाका.

गाठ पाण्याने भरलेली, सिस्टिक असेल तर रोल करू नका, औषध आत ठरत नाही. तुमची भरीव आहे, बरं झालं.

रिपोर्टमध्ये नुसतं ‘लेव्हल ६ (मानेचा मधला भाग), डावी’ लिहून सर्जनला काही कळत नाही. मी चार अंतरं लिहिते: त्वचेपासून खोली, श्वासनलिकेच्या भिंतीपासून, कॅरोटिडच्या आतल्या कडेपासून, आणि स्टर्नल नॉचपासून वर किती. गाठ श्वासनलिकेला किंवा अन्ननलिकेला नुसती टेकलीय की चिकटलीय तेही. गिळायला सांगून बघितलं की कळतं, सुटी असेल तर ती भिंतीवरून सरकते.

कोळशाबद्दल. निर्जंतुक, बारीक केलेला, साधारण ४ टक्क्यांचा सस्पेन्शन तयार मिळत असेल तर ही पद्धत उत्तम आहे. ना लायसन्स, ना अर्धायुष्य. टोचल्यावर काही दिवसांनी ऑपरेशन झालं तरी कोळसा जागचा हलत नाही. ०.५ ते १ मिली, चांगलं हलवून, २३ गेज किंवा जाड सुईने, कारण बारीक सुई तुंबते. गाठीत आणि लगत टोचून सुई मागे घेताना थोडं थोडं सोडत यायचं, म्हणजे सर्जनला काळी वाट धरून आत जाता येतं. त्वचेच्या १ सेंटिमीटर आधीच थांबा, नाहीतर गळ्यावर कायमचं गोंदण. पोटात द्यायची अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलची पावडर ऑटोक्लेव्ह करून वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आणि जास्त सांडलं तर अख्खं क्षेत्र काळं होतं, त्यात व्होकल कॉर्डची नर्व्ह आणि पॅराथायरॉइड (कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी) ओळखता येत नाहीत.

मिथिलीन ब्लूने भागवू का, असं कुणी विचारण्याआधीच सांगते: ते पसरतं, टेबलावर लगेच टोचलं तरच उपयोग. पल्स ऑक्सिमीटरचा आकडा खोटा खाली येऊ शकतो, आणि रुग्ण डिप्रेशनच्या एसएसआरआय गोळ्या घेत असेल तर सेरोटोनिन सिंड्रोमचा धोका असतो.

एंडोक्राइन_सर्जरी

आधी उजवीकडचं. हात लावू नका.

डावी कॉर्ड बंद आहे म्हणजे श्वास एकट्या उजव्या नर्व्हवर चाललाय. ५ मिमीच्या, सुईही न घेतलेल्या गाठीसाठी ती नर्व्ह दुखावली तर दोन्ही कॉर्ड मध्यावर येऊन रुग्णाला ट्रॅकिऑस्टॉमी लागेल. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांतही सेंट्रल भागात ८ मिमी आणि बाजूच्या मानेत १० मिमी, तेही सर्वांत लहान मापात, याखालच्या नोडवर सुई किंवा ऑपरेशनची घाई करायची नाही असंच आहे. तुमची डावी ९ मिमी आहे, ती त्या रेषेच्या वर येते. उजवीचं दर ६ महिन्यांनी सोनो करा. घरच्यांना ‘एकदाच साफ’ हवंय हे समजतं, पण त्यांना समोर बसवून हा हिशेब स्पष्ट सांगा: तिकडे पुढच्या काही वर्षांत बहुधा काही होणार नाही, आणि आज तिथे गेलो तर आवाज आणि श्वास दोन्ही पणाला लागतात. बहुतेक लोकांना ते पटतं. संमतीपत्रातही उजवी बाजू जाणूनबुजून सोडतोय हे लिहा, म्हणजे उद्या टीजी पूर्ण खाली आला नाही तर गैरसमज होणार नाही.

डावीकडे ऑपरेशन करणं योग्य वाटतं. त्या बाजूची नर्व्ह आधीच गेलेली असल्यामुळे उलट इथे थोडी मोकळीक आहे. पण ती नर्व्ह मेलीच आहे असं धरून चालू नका. कॉर्ड हलत नसली तरी स्टिम्युलेटरला ईएमजी (स्नायूचा विद्युत सिग्नल) उमटू शकतो आणि उरलेल्या त्या पुरवठ्यामुळे कॉर्डचा ताण टिकतो, आवाज बरा राहतो. कॅन्सरने वेढली नसेल तर वाचवायचीच.

वाट मधून घेऊ नका. मध्यरेषेतला व्रण सगळ्यांत वाईट असतो. जुन्याच छेदातून, पण स्टर्नोमॅस्टॉइडची पुढची कड आणि स्ट्रॅप स्नायू यांच्या मधून शिरा. कॅरोटिड बाहेर, स्ट्रॅप आत ओढून घ्या आणि खाली प्रीव्हर्टिब्रल फॅसियापर्यंत जा. नर्व्ह छातीच्या तोंडाशी, न दुखावलेल्या भागात शोधा आणि वर सोडवत या. व्रणात ती शोधत बसणं म्हणजे ती कापणं. डावी बाजू असल्यामुळे मागे अन्ननलिका आहे, तोंडातून जाड नळी घालून ठेवा म्हणजे ती हाताला लागते. लेव्हल ४ च्या (मानेच्या बाजूचा खालचा भाग) तळाला थोरॅसिक डक्ट (लसिकेची मोठी नळी) आहे हेही लक्षात असू द्या.

प्रोब कधी लावायचा? चार वेळा. छेदाआधी त्वचेवरून, कॅमेऱ्याच्या चित्राशी ताडून. स्ट्रॅप बाजूला केल्यावर, दिशा ठरवायला. गाठ बाहेर काढल्यावर, टेबलापासून दूर, तिचे स्वतःचे काउंट घ्यायला. आणि शेवटी रिकाम्या जागेत. दर पाच मिनिटांनी प्रोब आत खुपसत राहिलं की डिसेक्शन आवाजाच्या मागे धावायला लागतं आणि नर्व्हवरचं लक्ष उडतं. प्रोब दिशा दाखवतो, प्रतल तुम्हालाच शोधायचं असतं.

आणि नुसती गाठ वेचून बाहेर येऊ नका. सेंट्रल डिसेक्शन झालं म्हणतात, पण तिथेच ११ मिमीची गाठ निघाली आहे म्हणजे ते पूर्ण नव्हतं. नर्व्ह आणि कॅरोटिडच्या मधली उरलेली चरबी आणि नोड एकसंध काढा. पॅराथायरॉइडसारखं काही दिसलं तर जागेवर ठेवा. काळंनिळं पडलं तर छोटा तुकडा फ्रोझनला (ऑपरेशन चालू असतानाच होणारी तपासणी) पाठवून, पॅराथायरॉइडच आहे हे कळल्यावर, उरलेलं १ मिमीचे तुकडे करून स्टर्नोमॅस्टॉइडमध्ये रोवा.

काउंट_मोजणारा (मेडिकल फिजिसिस्ट, आरएसओ म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर)

स्तनाचा प्रोब टेक्नेशियमसाठी बनवलेला असल्यामुळे रोलला चालतो. खिडकी १४० केईव्हीवर २० टक्के, म्हणजे १२६ ते १५४, आहे ना तेवढं बघून घ्या. शेवटचा वापर दुसऱ्या आयसोटोपसाठी झाला असेल तर सेटिंग तसंच राहिलेलं असतं. सकाळी कोबाल्ट-५७ च्या तबकडीवर (१२२ केईव्ही, त्यामुळे खिडकी कोबाल्टची) काउंट घेऊन वहीतल्या जुन्या आकड्याशी ताडा. कोबाल्टचं अर्धायुष्य २७२ दिवस, ती घट धरूनही १० टक्क्यांच्या वर फरक असेल तर ऑपरेशनआधी शोध घ्या. बहुतेक वेळा बॅटरी किंवा केबलचं जोडटोक निघतं.

आवाजावर विसंबू नका. आवाजाची पट्टी यंत्र आपोआप बदलतं, त्यामुळे कमी काउंटलाही जोराचा सूर निघतो. ऑटो-रेंज बंद करा आणि १० सेकंदांचे आकडे घ्या. उजव्या स्टर्नोमॅस्टॉइडवर, साधारण त्याच खोलीला, पार्श्वभूमी मोजा. समजा १० सेकंदांत ५० आले. या मोजणीतला नैसर्गिक चढउतार ५० चं वर्गमूळ, म्हणजे ७. त्याची तिप्पट २१. म्हणून ७१ च्या वर गेलं तरच ‘खरंच जास्त’ म्हणा. टोचलेली गाठ याच्या कितीतरी पट वर असते, तिच्यासाठी हे गणित लागत नाही. शेवटी रिकाम्या जागेत ६० आले की ८०, तिथे ते लागतं.

अंतर दुप्पट झालं की काउंट साधारण चौथाई होतात, म्हणून प्रत्येक वेळी टोक त्याच खोलीवर, हलकेच टेकवून धरा. निर्जंतुक आवरणाच्या टोकाशी हवेचा फुगा आणि रक्ताची गुठळी नको. मोजताना डायथर्मी (विजेवरचा चाकू) बंद, नाहीतर खोटे काउंट येतात. प्रोबचं तोंड सुईच्या जुन्या वाटेकडे वळलं तर ती वाटही दिसते. दिशा १०-१५ अंशांनी बदलून आकडा कोसळतो का ते बघा. समोरच्या खऱ्या स्रोतावर तो कोसळतो, बाजूने झिरपणारा तसाच राहतो.

कर्मचाऱ्यांना काळजीचं कारण नाही. ०.५ मिलिक्युरी टेक्नेशियमपासून १ मीटरवर तासाला १ मायक्रोसिव्हर्टही होत नाही. पण कागद पूर्ण ठेवा. तुमच्याकडे सेंटिनलचं काम चालतं म्हणजे आरएसओ आणि कचऱ्याची व्यवस्था असणारच, त्यांना आधी कळवा. नमुन्यावर आयसोटोप, वेळ, डोस लिहिलेली चिठ्ठी हवी. फ्रोझन लगेच जाऊ द्या, त्याला थांबवण्यासारखं काही नाही. स्वॅब आणि उरलेला नमुना २४ तासांत सोळावा हिस्सा होतो, ४८ तासांत २५६ वा.

मानेचा_सर्जन

सगळ्यांचे आभार, उजवी सोडतोय. एक शंका राहिली. एफडीजी उचलतेय तर पेटच्या दिवशीच एफडीजी देऊन प्रोबने का शोधू नये? तेव्हा सुईचं टोक चुकण्याचा प्रश्नच उरत नाही, कॅन्सरच दिसतो.

आयसोटोप_मॅडम

विचार बरोबर आहे, या गाठीला लागू पडत नाही. एफ-१८ चे फोटॉन ५११ केईव्हीचे. त्यांना जाड शिशाचा किंवा टंगस्टनचा, बोजड प्रोब लागतो, तुमच्या प्रोबला ते दिशा न दाखवता आरपार जातात. १० मिलिक्युरी शरीरभर पसरलेले असतात, मेंदू आणि हृदय दोन्ही मानेच्या जवळ, आणि तुमच्या गाठीचं उचलणं सौम्य. गाठ आणि आजूबाजूचं यांतला फरक प्रोबला कळणार नाही. अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे भूल द्यायला उशीर झाला की अर्धा डोस गेला. सगळ्यात फसवी गोष्ट अशी की डावी कॉर्ड बंद असल्यामुळे बोलताना सगळा भार उजवीवर येतो आणि ती एकटीच एफडीजी घेते. हा उजवा ठिपका पेटच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर म्हणून आला तर सावध राहा. आणि तुमच्याकडच्या पेटमध्ये उजवीकडे काही लिहिलं असेल तर ते कॉर्ड आहे की नोड, चित्र उघडून स्वतः बघा.

कॅन्सरलाच चिकटणारं औषध आणि कमी ऊर्जेचा आयसोटोप अशी जोडी जमली तर मात्र गोष्ट वेगळी होते. परत आलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये म्युनिकच्या गटाने टेक्नेशियम लावलेलं, पीएसएमएला (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरचं प्रथिन) चिकटणारं औषध आदल्या दिवशी शिरेतून देऊन ओटीपोटातले छोटे नोड प्रोबने काढण्याची पद्धत बसवली आहे. रोबोटिक ऑपरेशनसाठी पोर्टमधून आत सोडायचा छोटा प्रोबही आहे. तिथे पार्श्वभूमी शांत असते आणि औषध तासन्‌तास गाठीत टिकतं. थायरॉइडच्या आयोडिन न घेणाऱ्या गाठींसाठी अशी जोडी आज रोजच्या वापरात नाही, म्हणून सुईची खूण.

भूल

सर्जन लोक नर्व्ह मॉनिटर म्हणतात, पण ट्यूब बसवणारे आम्ही. ईएमजी ट्यूबची निळी पट्टी कॉर्डवर आहे का, हे मान मागे नेल्यावर व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने पुन्हा बघा. मान हलली की ट्यूब सरकते, आणि सिग्नल येत नाही म्हणजे नर्व्ह गेली असा खोटा निष्कर्ष निघतो. शिथिलक कमी वेळाचं द्या किंवा रॉक्युरोनियम दिल्यास सुगामाडेक्सने उलटवा. छेदानंतर लगेच व्हेगसवर १ मिलिअँपिअरने उजव्या बाजूचा आणि डाव्या बाजूचाही सिग्नल नोंदवून ठेवा. उजवीकडे हात लावणार नसलात तरी, कारण ट्यूब काढताना तोच आकडा माझ्या कामी येतो. शेवटी रुग्ण जागा झाल्यावर फायबरने कॉर्ड बघूनच वॉर्डात पाठवणार, हे आधीच ठरवून ठेवा.

एंडोक्राइन_सर्जरी

शेवटच्या टप्प्याबद्दल राहिलं होतं. नमुना गरम, जागा थंड: छान, तरी फ्रोझनची वाट बघा. आयसोटोप मॅडमनी सांगितलंय तेच, गरम म्हणजे कॅन्सर नव्हे. फ्रोझनला वेळ लागत असेल तर तुकडा कापून बघा, कॅल्सिफिकेशनचा खरखरीतपणा सुरीला लागतो. नमुना थंड आणि जागा गरम असेल तर तुम्ही शेजारचं काढलंय. घाबरून खोल जाऊ नका. जखमेत सलाइन भरून निर्जंतुक आवरणातला सोनो प्रोब लावा, हवा निघून गेली की गाठ दिसते. नमुना गरम आणि जागाही गरम: बहुतेक वेळा सांडलेलं औषध. जागा दोनदा धुऊन, स्वॅब बाहेर टाकून पुन्हा १० सेकंद मोजा. आकडा पडला तर थांबा, ठिपका एका जागी ठाम असेल तर तिथलाच तुकडा पाठवा.

ऑपरेशन नोटमध्ये काउंट लिहा: गाठ आत, गाठ बाहेर, रिकामी जागा, पार्श्वभूमी. तिसऱ्यांदा कुणाला त्या मानेत जावं लागलं तर त्याला हेच चार आकडे आणि नर्व्ह कुठे होती त्याचं रेखाटन हवं असतं.

टीजी ६ ते १२ आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये. त्याआधी करून रुग्णाला घाबरवू नका. उजवीकडचे ५ मिमी आत असल्यामुळे तो शून्यावर येईलच असं नाही, निम्म्याच्या खाली जाऊन तिथे स्थिर राहिला तरी मी समाधान मानेन. नंतर तो दर वर्षाच्या आत दुप्पट व्हायला लागला, तर मग उजवीचा विचार. तोही आधी सुई आणि धुतलेल्या सलाइनमधला टीजी घेऊन.